कमानपाट्याची गोष्ट

महामार्गावरून जाताना पुढच्या ट्रकच्या पाठीवर काय लिहिलं आहे, ते आपण सगळे वाचतो. कुणी आईचा आशीर्वाद लिहितो, कुणी शेर लिहितो, कुणी नुसतंच ‘हॉर्न प्लीज’. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे या फिरत्या साहित्याविषयी मला आस्था आहे. पण आज आपण त्या अक्षरांच्या जरा खाली पाहू या. फळीच्या खाली, चासी आणि मागची चाकं यांच्यामध्ये, एकाला एक लागून रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांची चळत दिसते. मुख्य पट्टी सर्वांत लांब, तिच्याखालची थोडी आखूड, त्याखालची आणखी आखूड. यालाच आपल्याकडे पाटे म्हणतात, कमानपाटे म्हणतात. एसटी वाटेत बंद पडते, कंडक्टर वाकून खाली बघतो आणि म्हणतो, ‘पाटा तुटला’, तेव्हा या शब्दाशी आपली गाठ पडते. एरवी आपल्याला त्याची आठवण नसते.

ट्रकवरच्या मालाचा मोठा वाटा मागच्या आसावर येतो. रस्त्यातला खड्डा चाकाला बसतो. तो वर मालाला आणि चासीला जसाच्या तसा बसू नये, म्हणून हे पाटे मध्ये असतात. ते वाकतात आणि परत मूळच्या आकाराला येतात. एका फेरीत असं लाखो वेळा होत असेल. पोलाद झालं तरी ते झिजतं, थकतं आणि एके दिवशी तडकतं. मग गाडी कमानवाल्याच्या दारात येते. जुन्या अवजड ट्रकचे मागचे पाटे, त्यांच्या पिना, बुश, बोल्ट बदलण्याचं हे काम आपल्या देशात गावोगावी, रस्त्याच्या कडेला, रोज चाललेलं असतं. राजे आणि लढाया यांच्या इतिहासात ते येत नाही. पण आपल्या ताटातला कांदा आणि कपातली साखर याच पाट्यांवरून आपल्यापर्यंत पोचलेली असते.

आधी शब्द पाहू. ‘कमान’ हा फारसी शब्द, त्याचा अर्थ धनुष्य. मराठीत येऊन तो दारावरची कमान झाला, घड्याळातली कमान झाला आणि गाडीची कमान झाला. धनुष्य बनवणारा तो कमानगर. तलवारीला झिलई देणारा तो सैकलगर. त्याचा आपल्याकडे शिकलगार झाला. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात शिकलगार आडनावाची मुसलमान घरं आजही आहेत. हत्यारांचे दिवस सरले तशी या लोकांतली काही माणसं सुऱ्या-कात्र्यांकडे वळली, काही कुलपांकडे, तर काही मोटारींच्या कामाकडे.

दुसरा शब्द ‘पाणी’. पोलाद लालबुंद तापवून एकदम विझवणं, याला आपला लोहार पाणी देणं म्हणतो. गंमत अशी की, पाट्याला ‘पाणी’ देतात ते तेलात. साध्या पाण्यात तो इतक्या झपाट्यानं थंड होतो की तडे जायची भीती. तेलात विझवला, की तो पुन्हा बेताच्या आचेवर तापवतात. त्यानं कडकपणा थोडा उतरतो आणि लवचीकपणा येतो. नुसता कडक पाटा काचेसारखा फुटेल. नुसता मऊ पाटा वाकेल तो वाकलेलाच राहील. या दोहोंच्या मधली जागा शोधायला माणसाला काही शतकं लागली.

युरोपात घोडागाडीची पेटी आधी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत असत. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या गाड्या नावाजल्या गेल्या आणि गावाचं नावच गाडीला चिकटलं. आपण ‘कोचवान’ म्हणतो, त्यातला कोच हाच. पण चामडं सैल पडतं, पावसात फुगतं, आणि गाडी नुसती झुलत राहते. सतराव्या शतकात लंडनमध्ये पोलादी कमानींचे प्रयोग सुरू झाले. सॅम्युएल पेपिस या गृहस्थानं आपल्या रोजनिशीत १ मे १६६५ या दिवशी असे प्रयोग पाहायला गेल्याची नोंद करून ठेवली आहे. त्याच काळातला शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक. जितका जोर लावावा तितक्याच प्रमाणात कमान ताणली जाते, हा नियम त्यानं १६७८ साली मांडला. शाळेत आपण तो पाठ केला आणि विसरलो. पाटा मात्र विसरत नाही. दुप्पट वजन टाकलं तर तो दुप्पट दबतो.

मग १८०४ साली ओबडाया इलियट या लंडनच्या गाडीकारानं दोन कमानी समोरासमोर जोडून केलेल्या लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. गाडीच्या पोटाखालून जाणारी जड लाकडी तुळई त्यामुळे काढून टाकता आली, गाडी हलकी झाली आणि प्रवास सुखाचा झाला. मोटार आली तेव्हा तिनं घोडागाडीची ही कमान जशीच्या तशी उचलली. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच कमानी होत्या, त्याही आडव्या. पुढे मोटारगाड्यांनी गुंडाळीच्या स्प्रिंगा घेतल्या. ट्रकनं मात्र पाटा सोडला नाही. कारण सोपं आहे. पाटा भार पेलतो, आसाला जागेवर धरून ठेवतो आणि एकमेकांवर घासणाऱ्या पट्ट्यांमुळे उसळीही थोडी मारतो. तीन कामं एकाच वस्तूत होतात, आणि ती वस्तू घण, पाना आणि जॅक यांच्या बळावर रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येते.

आता आपल्या मुलखात येऊ. आपल्या बैलगाडीला कमान नव्हती. तिचा वेग बैलाच्या पावलाचा. हादरे लाकडानं, गवतानं आणि बसणाऱ्याच्या हाडांनी सोसले. टांग्याला कमानी आल्या, मुंबईच्या व्हिक्टोरियाला आल्या, कारण तिथे वेग आला आणि पैसे देऊन बसणारी सवारी आली. रस्तेही बदलत होते. मुंबई आणि पुणे यांना जोडणारा बोरघाटातला गाडीरस्ता १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. ज्या घाटातून ओझं माणसांच्या डोक्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून जात होतं, तिथून चाकं जाऊ लागली. पुढे शंभर वर्षांच्या आतच त्या वाटेवर मोटारी आल्या.

ट्रक हा तसा आपल्याकडे सुटे भाग होऊन आला. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. खोक्यांतून भाग यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्याच्या मोडीत काढलेल्या गाड्या विकायला निघाल्या. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अगदी अलीकडेपर्यंत होता. ती गाडी घेऊन धंद्याला लागलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न असे तो सुट्या भागांचा. अमेरिकेत बनलेला पाटा नगरच्या किंवा धुळ्याच्या रस्त्यावर तुटला, तर दुसरा आणायचा कुठून? तेव्हा गावचा लोहार पुढे झाला. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारा माणूस मोटारीच्या पाट्याला हात घालू लागला. आपल्या कमानवाल्यांच्या धंद्याचं मूळ मला या अडचणीत दिसतं.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. गाडी बेडफर्डची होती. पुढच्या काही वर्षांत सरकारनं धोरण ठरवलं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नियम असा झाला की, इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यानंच राहावं, नुसती जुळणी चालणार नाही. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच वर्षी जमशेदपूरला टेल्कोचा पहिला ट्रक बाहेर पडला. जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार झालेला होता, म्हणून गाडीच्या तोंडावर तीन टोकांचा तारा होता. लोक तिला टाटा-मर्सिडीज म्हणत, पुढे नुसतं ‘मर्सिडीज’. आज मर्सिडीज म्हटलं की श्रीमंतांची मोटार डोळ्यांपुढे येते. एके काळी आपल्याकडे मर्सिडीज म्हणजे गूळ, कापूस आणि सिमेंट वाहणारी, लांब नाकाची, घामेजलेली गाडी होती. १९६९ साली करार संपला, तारा गेला, गाडी राहिली. मद्रासकडे अशोक लेलँडच्या गाड्या बनत होत्याच.

या टाटाच्या गाड्यांच्या नावांत एक हिशेब दडलेला असतो. १२१० म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन साधारण १२ टन आणि ताकद १०० अश्वशक्तीच्या आसपास. पुढे १६१३ आली, म्हणजे १६ टन आणि १३०. पहिले दोन आकडे पाट्यांना सांगितलेले असतात, पुढचे दोन इंजिनाला. गाडीवर हा आकडा ठळक लिहिलेला असतो. तरी माल भरताना तो फारसा कुणी वाचत नाही.

एकच मॉडेल वर्षानुवर्षं चालत राहिलं, याचा एक परिणाम झाला. सुटे भाग सगळीकडे मिळू लागले. हरियाणातल्या यमुनानगरसारख्या गावांत पाट्यांचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि महामार्गावरच्या प्रत्येक मोठ्या गावात टायरवाला, बॅटरीवाला, रेडिएटरवाला यांच्या रांगेत एक कमानवाला बसला.

माझे चाचा त्यांतले एक. सोलापूर रस्त्यावर, आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. मी बी.ए. करत होतो तेव्हा सुट्टीत त्यांची हिशेबाची वही लिहायला जात असे. कमानीच्या कामाचं जे काही मला कळतं ते तिथलं. ते काम कसं चालतं, ते सांगतो.

झिजलेली गाडी लांबूनच ओळखू येते. ती एका अंगाला कललेली असते. कधी कधी ती तिरकी चालते, म्हणजे पुढची चाकं एका रेषेत आणि मागची थोडी बाजूला. असं दिसलं की चाचा म्हणत, ‘सेंटर बोल्ट गेला.’ पाट्यांच्या चळतीच्या मधोमध आरपार जाणारा हा एक बोल्ट. तो चळतीला एकत्र धरतो, आणि त्याचं डोकं आसावरच्या खाचेत बसतं. तो कापला गेला की आस मागेपुढे सरकतो आणि गाडी वाट सोडू पाहते. बोल्ट केवढासा, पण त्याच्यावर सोळा टन सरळ चालायचे असतात.

गाडी सपाट जागी उभी करायची, पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, मग मागून जॅक द्यायचा. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जायचं नाही. चासीखाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय चाचा पोरांना आत शिरू देत नसत. चाकं निघाली की यू-बोल्टची पाळी. यू अक्षराच्या आकाराचे हे जाड बोल्ट पाट्यांना आसाशी आवळून धरतात. जुन्या गाडीत ते गंजून एकजीव झालेले असतात. पाना चालत नाही, मग गॅसनं कापायचे. कापले नाहीत तरी जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. एकदा आवळून ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा ताण धरत नाही.

मुख्य पाट्याची दोन्ही टोकं वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चासीच्या ब्रॅकेटमध्ये पिनेनं पक्का असतो. दुसरा शॅकलमध्ये, म्हणजे झुलत्या कडीत असतो. कारण पाटा दबला की सपाट होतो, आणि सपाट झाला की लांब होतो. त्या वाढीव लांबीला जायला जागा हवी. डोळ्यांत बुश असतात, पिनांना ग्रीस द्यायचं असतं. ग्रीस वेळेवर मिळालं नाही की पिन बुशला खाते, बुश डोळ्याला खातो, आणि प्रत्येक खड्ड्याला मागून खडखड आवाज येऊ लागतो. ड्रायव्हर त्या आवाजाला सरावतो. हे सरावणंच धोक्याचं.

चळत खाली उतरवली की तिचा एकेक पाटा सुटा करायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा आणि उजेडात धरायचा. भरलेल्या गाडीत पाटा सपाट होताना त्याची वरची, खोलगट बाजू ताणली जाते. म्हणून तडा शोधायचा तो वरच्या बाजूला, आणि त्यातही सेंटर बोल्टच्या भोकाजवळ. केसाएवढी रेघ असते, तिच्यात गंज भरलेला असतो. चाचा पाट्यावर हातोडी वाजवून आवाज ऐकत. शाबूत पाटा खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. तडकलेला पाटा वेल्डिंग करून घालणं हा शुद्ध आत्मघात. वेल्डिंगच्या आचेनं त्याचं सगळं पाणी उतरतं. तो काढून नवाच घालायचा. आणि एका बाजूची चळत बदलली तर दुसऱ्या बाजूचीही तपासायची, गरज पडली तर तीही बदलायची. नाही तर एका अंगाला जवान आणि दुसऱ्या अंगाला म्हातारा, अशी गाडी पुन्हा कलतेच.

नवीन पाटे, नवा सेंटर बोल्ट, नव्या पिना, नवे बुश, नवे यू-बोल्ट. मग नट आळीपाळीनं, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे चळत एका बाजूला दबत नाही. काम संपलं, पैसे झाले, चहा झाला. आणि मग चाचांचं शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘माल भरून एक-दोन दिवस चालव आणि परत ये. नट पुन्हा आवळायचे आहेत.’ नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात, मध्ये बारीक फट पडते, बोल्ट सैल होतात. सैल बोल्टखाली पाटा नेमका भोकापाशी वाकू लागतो आणि तिथेच तुटतो. त्यामुळे दुसऱ्यांदा आवळणं हा कामाचाच भाग. त्याचे चाचा वेगळे पैसे घेत नसत. तरी दहांतले चार-पाचच ड्रायव्हर परत यायचे. बाकीच्यांना पुढची खेप असायची.

धातू थकतो, हे माणसाला फार उशिरा कळलं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस वाटेत तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वरकरणी धडधाकट दिसणारा आस असा अचानक का तुटावा, हा प्रश्न त्यानंतर युरोपातल्या अभियंत्यांना छळू लागला. प्रशियाच्या रेल्वेतले ऑगस्ट व्होलर यांनी पुढे बरीच वर्षं प्रयोग केले आणि १८६० च्या दशकात उत्तर हाती आलं. एकदाच टाकलेल्या मोठ्या वजनानं जो भाग तुटत नाही, तो त्याहून कितीतरी कमी वजनानं तुटू शकतो, जर ते वजन पुन्हा पुन्हा टाकलं आणि काढलं तर. बारीक तडा पडतो, प्रत्येक फेऱ्याला केसभर पुढे सरकतो, आणि उरलेला भाग भार पेलेनासा झाला की एकदम तुटतो. या गुणाला शास्त्रानं ‘थकवा’ हेच नाव दिलं. कारखान्यात नव्या पाट्याच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात, तो या थकव्याला लांब ठेवण्यासाठी. रस्त्याकडेच्या भट्टीत तापवून पुन्हा बाक दिलेल्या पाट्याला ते कवच उरत नाही. तो दिसतो नव्यासारखा, पण त्याचं आयुष्य खर्च झालेलं असतं.

आणि इथेच या गोष्टीतला खरा प्रश्न येतो. कमानवाल्याच्या दारात सगळे काही झिजलेले पाटे बदलायला येत नाहीत. पुष्कळजण पाटे वाढवायला येतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीला जितके पाटे असतात, त्याहून दोन जास्त टाकले की गाडी कमी दबते आणि जास्त माल घेते. ऊस सुरू व्हायच्या आधी, वाळूच्या दिवसांत, चाचांच्या शेडपुढे अशा गाड्यांची रांग लागायची. एक संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो मला पाठ आहे.

‘चाचा, दोन पाटे जास्तीचे टाका. कारखाना चालू होतोय.’

‘पाटे टाकतो रे बाबा. ब्रेक कुठनं टाकू?’

ड्रायव्हर हसायचा. चाचा हसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, टायर वाढत नाहीत, आस जाड होत नाही. वाढतो तो फक्त धीर. पूर्वी दबलेले पाटे पाहून ड्रायव्हरला कळायचं की बस्स, आता पुरे. पाटे वाढवले की गाडीची तक्रार बंद होते, आणि तिचं दुखणं आत आसात, ब्रेकच्या ड्रममध्ये, रस्त्याच्या डांबरात जाऊन बसतं. घाटाच्या उतारावर ते बाहेर येतं. चाचा पुष्कळांना नाही म्हणाले. काहींना हो म्हणाले, कारण शेजारच्या शेडमध्ये तेच काम तासाभरात होत होतं आणि घरात खाणारी तोंडं होती. ड्रायव्हरचंही तेच. भाडं टनावर ठरतं. दोन टन कमी भरले तर डिझेल तेवढंच जळतं आणि त्याच्या हाती काही राहत नाही. मालकाला खेपा हव्यात, व्यापाऱ्याला भाडं स्वस्त हवं, आणि आपल्याला बाजारात माल स्वस्त हवा. तो जास्तीचा पाटा टाकायला आपण सगळेच थोडे थोडे पैसे देतो.

रस्त्याचं काय होतं, त्याचाही हिशेब झालेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवण्यात आले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा भार वाढतो, त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्त्याचं नुकसान वाढतं. भार दीडपट केला तर नुकसान पाचपट. दुप्पट केला तर सोळापट. मग त्या उखडलेल्या रस्त्याचे खड्डे पुन्हा पाट्यांनाच बसतात. ज्यानं जास्त भरलं त्यालाच ते बसतात असं नाही. मागून येणाऱ्या नियमात भरलेल्या गाडीला, एसटीला, रुग्णवाहिकेलाही ते बसतात.

कायदा या बाबतीत गप्प होता असं नाही. पण काही राज्यांत दरमहा ठरावीक रक्कम भरून जास्तीचा माल नेण्याची मुभा देणारी पद्धत पडली होती. सर्वोच्च न्यायालयानं ९ नोव्हेंबर २००५ च्या निकालात अशा पद्धतीला मनाई केली. दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येणार नाही, तो उतरवावाच लागेल, असं बजावलं. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं भाराची मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या मागच्या एका आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन, आणि दोन आसांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा केला. कागदावर मर्यादा वाढवायला एक अधिसूचना पुरते. सोळा टनांच्या हिशेबानं बनलेल्या जुन्या गाडीचे पाटे आणि ब्रेक मात्र त्या अधिसूचनेनं बदलत नाहीत.

आता गाड्याच बदलत आहेत. नव्या ट्रकांना जाड-बारीक होत जाणारे, मोजकेच पाटे येऊ लागले आहेत. ते मध्ये आणि टोकांनाच एकमेकांना टेकतात, त्यामुळे घासत कमी आणि वजनालाही हलके. आरामबसला हवेच्या फुग्यांवरची रचना आली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो, आणि ही तपासणी यंत्रावर व्हावी अशी दिशा आहे. ती योग्यच आहे. यंत्र ओळखीला भुलत नाही. पण यंत्रानं नापास केलेली गाडी पुन्हा पास करायची तर तिच्याखाली कुणीतरी झोपावं लागतंच.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं शेड महामार्गाच्या रुंदीकरणात गेलं. इलियटचं नाव पेटंटच्या कागदात आहे, व्होलरचं अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहे. रस्त्याकडेच्या कमानवाल्यांची नोंद कुठे नाही. डिस्पोजलच्या गाड्यांपासून आजपर्यंत या देशाचा माल त्यांनी हलता ठेवला. त्यांचं ज्ञान हातात आणि कानात होतं, ते पोरांनी बघून बघून उचललं. प्रमाणपत्र नाही, विमा नाही, आणि पन्नाशीत पाठ गेलेली. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिक्षण देताना अशा म्हाताऱ्या कारागिरांना चार दिवस बोलावून त्यांच्याकडून हातोडीचा आवाज ऐकायला शिकावं, त्यांना त्याचं मानधन द्यावं, एवढं तरी अजून करता येण्यासारखं आहे.

आणि ट्रकवाल्या भावांना एक सांगणं. सकाळी निघताना टायर ठोकून बघता, तसं वाकून पाट्यांकडे एकदा बघा. गाडी कलली आहे का, गंजाची ताजी रेघ दिसते का, यू-बोल्टचा नट फिरल्याची खूण आहे का. दोन मिनिटांचं काम आहे. पाटे नवे घातले असतील तर भरलेली गाडी एक-दोन दिवस चालली की परत जा आणि नट आवळून घ्या. कायदे करणाऱ्यांनाही माझं हेच म्हणणं आहे. २००५ चा निकाल झाला, २०१९ ची दुरुस्ती झाली. रस्त्यावर भार पडल्यानंतर ते बोल्ट किती सैल झाले आहेत, हे बघायला कुणीतरी परत यायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)